अमरावतीहून आलेले दात

नलूमावशी, वाद जिंकण्यासाठी माणसाने मरायचं नसतं. तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईला हे मी सांगावं म्हणजे कमाल झाली. इतके दिवस आपण एकाच गोष्टीवरून भांडलो: आर्लीनच्या तोंडात पुढचे दात का नाहीत आणि माझ्या तोंडात का आहेत. शाळेच्या रस्त्यावर भांडलो, माझ्या किचनमध्ये भांडलो, इंडियन ग्रोसरीत मेथीच्या जुड्या निवडताना भांडलो. मी म्हणायचे, माणसाने दोनदा ब्रश करावा, सोडा पिऊ नये, दात राहतात. तुम्ही म्हणायचात, "दात किडतो साखरेनं बाई, पण वाचतो पैशानं." आता तुम्ही नाही, आणि तुमचंच खरं ठरलंय. ते कबूल करायला समोर कोणी नाही, याचा मला फार राग आलाय.

श्रीरंग म्हणाला, मराठी मंडळाच्या अंकासाठी आईवर चार ओळी लिहून दे. जन्म कुठे, शिक्षण कुठे, दवाखाना कोणत्या चौकात, हे सगळं मुलगा म्हणून त्याला माहीत आहे, त्याने लिहावं. मी तुमची नात्याची नाही. मी शेजारच्या टाउनहाउसमधली, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि त्यामुळे नोकरी करायची परवानगी नसलेली, पुण्याची बाई. तुमच्या भाषेत "तोंडाची तिखट". मला फक्त भांडण पुरं करायचंय.

जन्मभर अमरावतीत दातांचा दवाखाना चालवलात, तुमचे यजमान गेले, दवाखाना बंद केलात आणि मुलाकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आलात. इथे तुमची एकच अडचण होती. सगळ्यांना दात होते आणि तुमची कोणाला गरज नव्हती. इथलं लायसन्स तुमच्याकडे नाही, आणि त्या वयात परीक्षा देणार कोण? पण डोळ्यांना लायसन्स लागत नाही. मंडळाच्या गणपतीत तुम्ही आरतीला सर्वांत पुढे उभ्या राहायचात, पण तोंड गर्दीकडे करून. लोकांना वाटायचं, केवढी भक्ती. आरतीत सगळे तोंड उघडून गातात, तेव्हा तुम्ही ओळीने पाहणी करून घ्यायचात. पहिल्याच वर्षी प्रसादाचा मोदक माझ्या नवऱ्याच्या हातावर ठेवत तुम्ही म्हणालात, "मंदार, तुझी डावी अक्कलदाढ आडवी येऊन राहिली. पाहून घे." मंदारने तो मोदक उजव्या बाजूने खाल्ला, आणि पुढच्या महिन्यात दाढ काढून आला. इन्शुरन्स होता, कंपनीचा. फोन केला, गेला, आला. त्या वेळी त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नाही.

आर्लीन आपल्याला भेटली ती शाळेच्या कोपऱ्यावर. तुम्ही नातीला सोडायला यायचात, मी माझ्या मुलीला. ही उंच, धिप्पाड, पन्नाशीची ब्लॅक बाई पिवळं जॅकेट घालून, हातात थांबा म्हणणारी पाटी घेऊन रस्त्याच्या मध्यात उभी असायची. प्रत्येक पोराला नावाने ओळखायची. हसायची मात्र तोंडावर हात धरून. मला वाटायचं लाजते. तुम्हाला तसं वाटलं नाही. एका सकाळी तुम्ही रस्त्याच्या मधोमध तिचं मनगट धरून हात बाजूला केलात आणि म्हणालात, "ओपन."

आणि तिने उघडलं. मावशी, मी त्यावर नंतर खूप विचार केलाय. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या, ही सरकारी ड्यूटीवर, समोर नऊवारीवर स्वेटर आणि पायात स्नीकर घातलेली एक परकी म्हातारी, आणि आर्लीनने लहान मुलीसारखा आ केला. तुमच्या त्या "ओपन"मध्ये काहीतरी होतं. खोटं कशाला बोलू, बाजूला उभ्या असलेल्या माझंही तोंड उघडलं होतं.

वरचे पुढचे दात नव्हते. ती ट्रेंटनहून यायची, गाडीने वीसेक मिनिटं, पण बसने दोन बस बदलून. सकाळी पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा, दुपारी परत द्यायचा, मधला वेळ लायब्ररीत बसायचं, कारण घरी जाऊन परत येणं परवडत नाही. अर्धवेळ काम, इन्शुरन्स नाही. दात दुखायला लागला की ती सहन करायची, मग फारच झालं की ट्रेंटनमधल्या कुठल्यातरी स्वस्तातल्या दवाखान्यात जायची. तिथे दात वाचवण्याचे पैसे वेगळे आणि उपटण्याचे वेगळे. तिला उपटणंच परवडायचं. असं एकेक करत समोरचं सगळं गेलं. "मी ब्रश करते हां, डॉक," तिने तुम्हाला आपणहून सांगितलं. ते ऐकून तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत, तसं माझ्या सासूबाईंनीही कधी पाहिलेलं नाही.

मग कळलं की प्रश्न दातांचा नाहीच. शाळेच्या ऑफिसात समोर बसणारी बाई निवृत्त होणार होती. ती जागा पूर्णवेळ, इन्शुरन्ससकट. आर्लीनला ती हवी होती, आणि हौस म्हणून नव्हे. तिला शुगर होती आणि ती गोळी अर्धी करून खायची, म्हणजे महिनाभराची दोन महिने पुरते. तिची आई अशाच अर्ध्या गोळ्या खात पाय गमावून बसली होती. आर्लीनने अर्ज करते म्हटल्यावर ऑफिसातल्या एका भल्या बाईने तिला प्रेमाने सांगितलं, "ते समोर बसायचं काम आहे ना गं, आर्लीन." म्हणजे काय, ते तिघींनाही कळलं, तिला, तुम्हाला, मला. नोकरीसाठी दात पाहिजेत, दातांसाठी इन्शुरन्स पाहिजे, इन्शुरन्ससाठी नोकरी पाहिजे. तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, "काऊन बाप्पा, हे तर आमच्या रेशनकार्डाच्या ऑफिसासारखं झालं." आर्लीनला मी भाषांतर करून सांगितलं. ती हसली, पण तोंडावर हात धरून.

त्या संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू होतं. तुम्ही तिळगूळ घेऊन बसलात आणि हा विषय काढलात. मग जे व्हायचं तेच झालं. एकजण म्हणाली, अहो त्यांच्यात असतंच ते, शुगर, ब्लडप्रेशर, जीन्समध्ये असतं. दुसरी म्हणाली, खाणं बघा ना त्यांचं, चिप्स आणि सोडा. मीही मान हलवली, का नाही हलवणार, घर माझं होतं. तुम्ही शांतपणे लाडू संपवलात आणि म्हणालात, "या खोलीत ज्यांच्या घरी शुगर आहे त्यांनी हात वर करा." कोणी करेना. "बरं, ज्यांच्या घरी नाही त्यांनी करा." तेव्हाही कोणी करेना. "म्हणजे साखर आपल्यात जास्त. मग पाय त्यांचे काऊन कापतात? कुलकर्णीचा नवरा रविवारी छातीत दुखलं म्हणून गेला, मंगळवारी स्टेंट टाकून घरी आला, गुरुवारी गुलाबजाम खाऊन राहिला होता माझ्यासमोर. हे जीन्समुळे?"

कुलकर्णीबाईंनी पदर सारखा केला. तुम्ही थांबायला हवं होतं, पण थांबणं तुमच्या स्वभावात नव्हतं. आर्लीनचे वडील फौजेतून परत आले तेव्हा त्यांना या बाजूला घर घ्यायचं होतं, कामावर होते, पैसे जमवले होते, पण ब्लॅक माणसाला इकडे कोणी घर विकलं नाही, हे तिने आपल्याला लायब्ररीच्या बाकावर सांगितलं होतं. ते तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, आणि वर म्हणालात, "आपल्याकडे गावकुसाबाहेर ठेवत. इथं रूट वन हायवेच्या पलीकडे ठेवतात. तिकडे दुकानात भाजी नाही मिळत, डॉक्टर नाही बसत, नोकरी इकडे आणि बस तासाला एक. मग म्हणायचं, यांच्यात असतंच ते." मी यजमानीण म्हणून जे करायचं ते केलं. म्हटलं, "अजून तिळगूळ घ्या ना कोणीतरी."

सगळ्या गेल्यावर मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, आम्ही कष्ट करून आलो, यात आमचा काय दोष? तुम्ही वाट्या विसळत म्हणालात, "दोष कोण काढून राहिलं? पायरी सांगते. तू विमानातून उतरलीस ती वरच्या पायरीवर. ती जन्मली खालच्या पायरीवर. चढायला दोघीही चढूनच राहिल्या." मी म्हटलं, त्या वाट्या डिशवॉशरमध्ये टाका. तुम्ही टाकल्या नाहीत. तुम्ही माझ्याकडे पाठ करून विचारलंत, "तुझं किचन शुक्रवारी रिकामं आहे का?"

मला वाटलं पुरणपोळ्या करायच्यात.

शुक्रवारी सकाळची ड्यूटी संपवून आर्लीन माझ्या किचनमध्ये येऊन बसली आणि तुम्ही पिशवीतून स्टीलचा डबा काढलात. अमरावतीहून येताना बायका लोणचं आणतात, मेतकूट आणतात. तुम्ही ठसे घ्यायचे साचे, मेण, रबरी वाटी, प्लास्टर आणि ठशाची पूड आणली होती. कशाला, असं विचारल्यावर म्हणालात, "असू द्यावं, लागतं." टपालातून विषारी अँथ्रॅक्सची पूड येण्याच्या त्या काळात या देशात कोणाच्या बॅगेत पांढरी पूड दिसली की सगळ्या इमारतीला घाम फुटायचा, आणि तुम्ही ती किलोभर घेऊन, नऊवारीत, बूट काढून, विमानतळावरच्या सगळ्या यंत्रांतून नमस्कार करत आला होतात. मी म्हटलं, मावशी, हे बेकायदा आहे, मंदारचं ग्रीनकार्ड अडकेल, आम्हाला हाकलून देतील. तुम्ही म्हणालात, "मी दात काढून नाही राहिले. नुसतं माप घेऊन राहिले. ब्लाउजचं माप घ्यायला लायसन्स लागते का?" आणि माझ्या हातात वाटी दिलीत. "कालव. भज्याच्या पिठासारखं. गुठळी राहू देऊ नको."

मी कालवलं. संगणकशास्त्राची पदवी घेऊन मी अमेरिकेत केलेलं ते पहिलं काम. तुम्ही साचा भरलात, "ओपन" म्हणालात, आणि तो तिच्या तोंडात दाबलात. आर्लीनचे डोळे पांढरे झाले. तिला उमासे यायला लागले, तिने माझा हात असा धरला की बोटातली अंगठी रुतली. तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवून शुद्ध मराठीत सांगत होतात, "नाकानं श्वास घे माय, नाकानं, आता झालंच." तिला एक अक्षर कळलं नसणार. पण ती नाकाने श्वास घ्यायला लागली. ठसा निघाला तो सुरेख निघाला. मग चहा झाला, आणि आर्लीनने तुमच्या चकल्या मागच्या दाढांनी चावून दाखवल्या.

पुढचं काम गोखले काकांकडे गेलं. आपल्या लोकांत कोणीतरी इंडियाला चाललंय हे कळायचा अवकाश, सगळी वस्ती पार्सलं घेऊन हजर होते. काका सहा महिने मुलाकडे इथे, सहा महिने पुण्यात, त्यामुळे सगळ्यांचे हक्काचे हमाल. तुम्ही त्या ठशावरून केलेला प्लास्टरचा जबडा टॉवेलात गुंडाळून त्यांच्या बॅगेत, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि चॉकलेटच्या मध्ये ठेवलात, आणि आत काय आहे ते सांगितलं नाहीत, कारण सांगितलं असतं तर त्यांनी नेलं नसतं. मुंबईला कस्टमवाल्याने बॅग उघडली. काका अजूनही सांगतात. तो म्हणाला, "हे काय?" काका म्हणाले, "दात असावेत." "कोणाचे?" काकांनी खरं ते सांगितलं, "मला कल्पना नाही." तो कस्टमवाला, बहुधा निवृत्तीला आलेला असावा, बॅग बंद करून जा म्हणाला.

अमरावतीत तुमचा जुना कारागीर वानखडे. जन्मभर तुमच्या पेशंटांच्या कवळ्या त्यानेच केल्या. त्याला तुम्ही फोनकार्डावरून सूचना दिल्या, आणि कार्ड संपत आलं तेव्हा ओरडून सांगितलंत, "हिरडी गुलाबी नको करू. आपल्यासारखी कर." वानखडे कामाचा माणूस. त्याने आरसा घेतला, स्वतःचा ओठ वर केला आणि बघून बघून रंग मिसळला. काम झाल्यावर त्याने दात कापसात गुंडाळले आणि पार्सल रिकामं कसं पाठवायचं म्हणून, किंवा हाताशी तोच होता म्हणून, संत्रा बर्फीच्या डब्यात घालून पुण्याला काकांकडे पाठवले. वरचं चित्र बर्फीचं, दोरी हलवायाची. त्याच दिवशी गोखल्यांकडे मुलीला बघायला पाहुणे आले होते. काकूंनी नवरामुलाच्या आईपुढे तो डबा उघडला.

ते लग्न जमलं, हे इथे नमूद करते, नाहीतर काकू मला सोडणार नाहीत. मुलाची आई म्हणाली म्हणे, इतकं मोकळं घर पाहिलं नव्हतं.

काका परत आले, दात आले, आणि ते बसेनात. कुठेतरी केसभर उंच होते. तुम्ही श्रीरंगच्या गराजमधलं लाकूड घासायचं यंत्र काढलंत, त्याचा गॉगल लावलात, आणि मागच्या डेकवर बसून घासायला लागलात. आर्लीन खुर्चीत, मी टॉर्च धरून. त्या दिवशी श्रीरंग ऑफिसातून लवकर घरी आला. दारात उभा राहिला बिचारा, हातात लॅपटॉपची बॅग. "आई," तो म्हणाला, "हे काय चाललंय?" तुम्ही यंत्र बंद न करता म्हणालात, "पाहुणीला चहा टाक." त्याने टाकला. आर्लीनने दात लावले, काचेच्या दारात स्वतःला बघितलं आणि मग बराच वेळ आपल्याकडे वळलीच नाही. तिचे खांदे हलत होते. तुम्ही मला हळूच म्हणालात, "बघ, वानखडेची हिरडी तिला तंतोतंत. आता सांग, फरक रंगात आहे का पैशात?" मी म्हटलं, "मावशी, हे शास्त्र नाही, हा वानखडे आहे." पण माझंही नाक वाहत होतं, त्यामुळे मुद्दा नीट मांडता आला नाही.

तिला नोकरी मिळाली. इंटरव्ह्यूला तुमची जरीची शाल घेऊन गेली होती, खांद्यावर. इन्शुरन्स सुरू झाल्यावर पहिलं काय केलं असेल तर पूर्ण गोळ्या आणल्या, आणि दुसरं, खऱ्या डेंटिस्टकडे गेली, प्रिन्स्टनमधल्या, बसायच्या खोलीत माशांची टाकी असलेल्या. त्याने दात काढून उजेडात धरले, उलटसुलट बघितले आणि विचारलं, इतकं छान काम कुठे करून घेतलंत? आर्लीन म्हणाली, अमरावती. तो म्हणाला, "ते पेनसिल्व्हेनियात आलं का?" हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की खुर्चीला धरून उभं राहावं लागलं. हसता हसता छातीवर हात ठेवलात. मला वाटलं हसण्यामुळे.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. या देशात आल्यापासून मी दिवसभर घरात एकटी असायचे. मुलगी शाळेत, मंदार कामावर, मी कपड्यांच्या घड्या घालत टीव्हीवर दुसऱ्यांची घरं बघत बसायचे. कोणी मला कसलंही काम सांगत नव्हतं. तुम्ही "कालव" म्हणालात. नंतर आणखी पुष्कळ कामं सांगितलीत, निम्मी बेकायदा. मला तुमची फार सवय झाली होती, मावशी. आभार मानायचे राहिले, कारण आभार मानले असते तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, मग मुद्दा मान्य कर.

आता तुमच्या चुकीबद्दल. तुम्हाला ग्रीनकार्ड होतं, मोठं घर होतं, मुलगा मॅनेजर होता, आणि इन्शुरन्स नव्हता. आईबापांना कंपनीच्या विम्यात घेत नाहीत. सरकारी विम्यासाठी पाच वर्षं काढावी लागतात. बाजारात मिळणाऱ्याने जुन्या दुखण्याला हात लावायला नकार दिला. हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत. आर्लीनच्या इन्शुरन्सची एवढी चर्चा केलीत, माझ्या किचनमध्ये बसून, आणि स्वतःबद्दल एक शब्द नाही. तुम्ही माझ्याकडे ओवा मागायला यायचात. मी विचारलं, कशाला, तर म्हणालात थालीपिठाला. तेवढ्या ओव्यात गावजेवणाची थालीपिठं झाली असती. तुम्ही गेल्यावर तुमच्या सुनेला, अमृताला, तुमच्या उशाखाली ओव्याची पुडी सापडली, काळं मीठ सापडलं. नातीने सांगितलं, "आजी सेड इट्स ओन्ली गॅस. शी सेड डोन्ट टेल बाबा, हॉस्पिटल इज टू मच मनी." श्रीरंग ते ऐकून जिन्यात बसला तो उठेचना. त्याने घर विकलं असतं, मावशी. तुम्हाला हे माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाहीत. दुपारी झोपते म्हणालात. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तुमचा चहा अजून कोमट होता.

मला तुमचा राग येतो, आणि राग आला की तुमची बाजूसुद्धा मीच मांडते. दात किडतो साखरेनं, वाचतो पैशानं. मान्य. पण तुम्ही तर पैशाच्या घरात बसून गरिबासारख्या गेलात, अर्धी गोळी खाणाऱ्या बाईसारख्या. आर्लीन फ्युनरल होमला आली, काळा ड्रेस, काळी हॅट, आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, डॉकला कोणत्या हॉस्पिटलमध्ये नेलं होतं? मी सांगितलं, त्या कधी गेल्याच नाहीत, इन्शुरन्स नव्हता. "इन्शुरन्स नव्हता? त्या घरात?" मग तिला राग आला, माझ्याहून जास्त. म्हणाली, "आमच्या चर्चच्या तळघरात शनिवारी डॉक्टर बसतात. मी तिथे नावं लिहून घेते. मला एकदा बोलायला काय झालं होतं तिला?" तुम्ही आर्लीनची डॉक्टर होतात. तुम्हाला तिची पेशंट व्हायचं नव्हतं.

गेल्या शनिवारी मी आपल्या वस्तीतल्या सगळ्या आजीआजोबांना व्हॅनमध्ये भरलं आणि ट्रेंटनला नेलं. कोणी सुखासुखी आलं नाही. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन भांडले. कोणाच्या मुलाचं म्हणणं होतं बघू, कोणाच्या सुनेचं म्हणणं होतं तो एरिया बरा नाही. आज्यांनी डबे घेतले, आजोबांनी स्वेटर चढवले, वाटेत एकीने विचारलं देऊळ कुठे आहे. तळघरात खुर्च्या भरलेल्या होत्या, सगळी ट्रेंटनची माणसं, काही कुबड्यांवर, काही पोरं मांडीवर घेऊन. आपली माणसं भिंतीला लागून अंग चोरून बसली. आर्लीन टेबलापाशी नावं लिहून घेत होती. गोखले काकांची नाव द्यायची पाळी आली तेव्हा तिने विचारलं, छातीत कधी दुखतं का? काकांनी मोठ्या माणसासारखा हात झटकला. "नो, नो. ओन्ली गॅस."

आर्लीनने पेन खाली ठेवलं. टेबलामागून बाहेर आली, काकांच्या दंडाला धरलं आणि पूर्ण रांग ओलांडून त्यांना आत घेऊन निघाली. काका म्हणत होते, अहो, माझा नंबर नाही आला, ही माणसं आधीपासून बसलीत. रांगेतल्या एका बाईने काकांना जाता यावं म्हणून आपल्या मुलाचे पाय आत घेतले.

आत बराच वेळ लागला. पट्ट्या लावल्या, आलेख काढला, डॉक्टरने पुन्हा पुन्हा ऐकलं. मी दारापाशी उभी होते. मग काका शर्टाची बटणं लावत बाहेर आले, चेहऱ्यावर तुमच्यासारखाच विजय, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सांगत होतो ना मी? गॅसच आहे." आणि मावशी, मी तिथेच, त्या सगळ्या अनोळखी माणसांत, मोठ्याने रडायला लागले. ते एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं, तर मी तुम्हाला सगळे वाद जिंकू दिले असते.